टिचकी

माठ घेताना आई तो डाव्या हातावर तोलायची आणि उजव्या हाताची बोटं मुडपून वाजवायची. टण्ण वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. कुंभारीणही म्हणायची, "वाजवा ताई, पायजे तेवढा वाजवा." कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या माझ्या गॅरेजमध्ये मला हे आठवण्याचं काही कारण नव्हतं. पण एका शनिवारी माझा एक मित्र, पोटापाण्याने सॉफ्टवेअर इंजिनिअर, आपल्या सात हजार डॉलरच्या सायकलीवर पंचवीस सेंटचं नाणं ठक ठक वाजवत, कान लावून बसला होता.

सायकल कार्बन फायबरची. डोंगरात चालवायची, माउंटन बाइक. गाडीमागच्या रॅकवरून निसटून ती दगडी कठड्यावर आपटली होती. खूण म्हणाल तर नखाएवढा ओरखडा. पण कार्बनचं दुखणं आतलं असतं. थर आतल्या आत एकमेकांपासून सुटतात, वरचा रंग मात्र शाबूत असतो. अशा जागी नाण्याचा आवाज बसका येतो म्हणतात.

"इथे जरा बद्द येतंय का रे?"

"मला सगळीकडेच बद्द येतंय," मी म्हणालो. खोडसाळपणा सुचला म्हणून भिंतीवर टांगलेल्या माझ्या सायकलीच्या नळीला टिचकी मारली. टिंग! देवघरातल्या घंटेसारखी. मित्राने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन करत नाही.

माझी सायकल पोलादाची. जपानी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटची, नळीवर टँगे प्रेस्टीज या नळ्यांच्या ब्रँडचं अर्धवट निघालेलं स्टिकर. इथल्या एका गॅरेज सेलमध्ये चाळीस डॉलरला घेतली. विकणाऱ्या आजोबांनी टायर फुकट दिले, म्हणजे ते टाकून द्यायचं काम माझ्यावर ढकललं. फ्रेमच्या नळ्या मोजल्या तर आठ. त्यातल्या मुख्य नळ्यांची गंमत अशी की टोकांना, जिथे सांधा येतो तिथे त्या जाड असतात आणि मध्ये पातळ होत जातात, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपर्यंत. टिचकी वाजते ती मधल्या पातळ भागात. या पोलादाला क्रोमोली म्हणतात, क्रोमियम आणि मोलिब्डेनमवरून. सुमारे 0.3 टक्के कार्बन त्यातही असतोच, पण हे मी मित्राला त्या दिवशी सांगितलं नाही.

पोलादावरचा माझा विश्वास सांगलीतला. वडिलांची काळी, बावीस इंची सायकल मी सातवीत असताना नळीखालून पाय घालून चालवायचो. ती मी एकदा पाण्याच्या टाकीवर घातली. पुढचा चिमटा आत वळला, चाक नळीला टेकलं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकांनी चाक काढलं, चिमट्यात एक लोखंडी पाइप घातला, सायकलीवर गुडघा रोवला आणि 'ह्याः' असा आवाज काढून तो सरळ केला. एका डोळ्याने बघितलं, अजून थोडा वाकवला. मग चाकाचा आऊट काढला. वडिलांना कळायच्या आत सायकल घरी. पुढे तिचा हात सोडला की ती किंचित डावीकडे जायची, आणि वडील आयुष्यभर रस्त्यांना दोष देत राहिले.

आता मी राहतो तिथून उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडे मरिन काउंटी आहे. माउंटन बाइक तिथली. फेअरफॅक्स गावामागे डोंगरात एक कच्चा उतार आहे. दोन मैलांत 1300 फूट खाली येणारा. 1976 पासून तिथे काही पोरं जुन्या, बोजड, फुगीर टायरच्या सायकली घेऊन शर्यती लावायची. सायकली 1930-40 च्या, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या. वीस किलोच्या पुढे वजन. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या सायकलीच्या मावसबहिणीच म्हणा. ब्रेक मागच्या चाकाच्या मधल्या हबमध्ये, उलटं पॅडल मारून लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब खोलायचा, नवीन ग्रीस भरायचं, की पुन्हा वर. ग्रीस पुन्हा भरण्याला इंग्रजीत रीपॅक म्हणतात, तर उताराचं नावच रीपॅक पडलं. दर फेरीला ओव्हरऑइल! सांगलीच्या काकांनी तिथे बंगला बांधला असता.

त्या टोळक्यातल्या जो ब्रीझने 1977 साली विमानात वापरतात तसल्या क्रोमोली नळ्या जोडून या कामासाठी नवीन फ्रेम बनवली. ती पहिली ब्रीझर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही माउंटन बाइक जपानमध्ये बनून दुकानात आली, आणि मग रांगच लागली. माझ्या भिंतीवरची त्या रांगेतलीच कुणीतरी, मागे उभी असलेली.

कार्बनबद्दल माझं मत होतं की तो यंत्रातून पडतो, त्याला हात लागलेला नसतो. ते साफ चुकीचं निघालं. कार्बनची फ्रेम म्हणजे अळूवडी. अळूची पानं मांडताना आई एकाचं देठ इकडे, दुसऱ्याचं तिकडे असं लावायची, मध्ये बेसनाचा लेप, मग घट्ट गुंडाळी, मग उकड. इथे पानाच्या जागी कार्बनच्या धाग्यांचं कापड, केसाच्या दहाव्या भागाएवढे बारीक धागे. लेपाच्या जागी राळ. ती आधीच लावलेली असते, म्हणून हे कापड चक्क फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. एका फ्रेमला असे शेकडो तुकडे, कुठला कुठल्या कोनात जाणार हे ठरलेलं. तैवानच्या, चीनच्या कारखान्यांत माणसं ते हाताने एकेक लावतात. मग साचा, आतून फुगा, आणि भट्टी. माझ्या आठ नळ्या जोडणाऱ्यापेक्षा यात हात कितीतरी जास्त वेळा लागतात. फक्त अळूवडी कापली की थर दिसतात. ही कापून बघण्याची सोय नाही.

आणि वजनाचं म्हणाल तर आम्ही दोन्ही सायकली वजनकाट्याला टांगल्या. माझी साडेबारा, त्याची साडेतेरा! फ्रेम हलकी आहेच, माझ्या फ्रेमपेक्षा बरीच मोठी आणि गुंतागुंतीची असूनही. पण वाचवलेलं वजन पुढच्या-मागच्या सस्पेन्शनला, डिस्क ब्रेकला, रुंद टायरला, बटण दाबलं की खाली जाणाऱ्या सीटला खर्ची पडलं. पगार वाढतो आणि महिनाअखेरीला हातात तेवढेच उरतात, तसं.

पण तो खर्च वाया गेलेला नाही. उतारावर हे कळतं. माझं हँडल पुढे लांब, सीट उंच, चाक सव्वीस इंची. मी जीव मुठीत घेऊन, ब्रेक आवळून, दगड चुकवत उतरतो. तो त्याच दगडांवरून सोफ्यावर बसल्यासारखा जातो आणि खाली जाऊन केळं सोलत माझी वाट बघतो. 'पोलाद जिवंत असतं' असं म्हणणारे बरेच भेटतात, मीही म्हणायचो. टायरमधली हवा थोडी कमी केली की ते दुप्पट जिवंत होतं, एवढं सांगून थांबतो.

त्याच्या सायकलीचा शेवटी बद्द आवाजच खरा निघाला. कार्बन दुरुस्त होत नाही, हाही माझा समज होता. कारागिराने ती जागा घासून थर उघडे केले, नवे थर चढवले, तापवले, वर रंग. तीन आठवड्यांनी सायकल आली तेव्हा दुखरी जागा मला सापडेना. नाणं वाजवून पाहिलं, सगळीकडे सारखं. सांगलीच्या काकांची सरळ केलेली सायकल मात्र डावीकडे जायची.

मग मी माझी खाली उतरवली. म्हटलं आपणही एकदा ओव्हरऑइल करून घेऊ. सीटचा दांडा ओढून काढला, फ्रेम उलटी केली, आणि आतून अर्धी वाटी लाल पाणी माझ्या पायावर ओतलं गेलं. मागोमाग गंजाचे पापुद्रे. बाहेरून रंग शाबूत. टिचकी मारली, आवाज टिंगच.

गंजावर इथे बरेच लोक उकळलेलं जवसाचं तेल नळ्यांच्या आत फिरवतात, वाळलं की त्याचा पापुद्रा धरतो. मीही फिरवलं. फ्रेम दोरीने उलटी टांगली, खाली जुना पेपर. रात्री बायको गॅरेजचं दार उघडून म्हणाली, "जवसाची चटणी करतोयस का?"

"नाही, सायकल."

ती टांगलेल्या फ्रेमकडे थोडा वेळ बघत राहिली. मग पुढे होऊन बोटं मुडपली आणि नळीवर वाजवलं.