मी तरी काय करू?

'मिडलमार्च' ही कादंबरी मी एम.ए.च्या वर्गाला सोळा वर्षं शिकवतोय. ८६ प्रकरणं, आठवड्याला चार तास, आणि वर्गातल्या चौदा जणांत ती खरोखर वाचलेले दोन, फार तर तीन. बाकीच्यांची मदार गाईडवर. त्या गाईडात लिडगेट आणि रोझमंडच्या लग्नाला दीड पान दिलंय, त्याचं सार एवढंच: हुशार डॉक्टर, उधळी बायको, वाटोळं. माझ्या नोट्स याहून फार वेगळ्या होत्या असं नाही. इंग्रजी जरा बरं होतं, इतकंच.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी प्रकरण ५८ घ्यायचं होतं. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ १८२९ ते १८३२, जागा मध्य इंग्लंडातलं एक काल्पनिक गाव. लेखिका मेरी अ‍ॅन इव्हान्स, लिहायची जॉर्ज एलियट या पुरुषी नावानं. १८७१-७२ मध्ये पुस्तक आठ भागांत निघालं, एकेका भागाची किंमत पाच शिलिंग. गावात टर्शियस लिडगेट नावाचा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर येतो. लंडन, एडिंबरो, पॅरिस इथं शिकलेला. शरीरातले सगळे ऊतक ज्या एका मूळ ऊतकापासून बनतात ते शोधून काढायचं, हे त्याचं स्वप्न. लग्न पाच वर्षं तरी करायचं नाही असं ठरवलेलं, आणि वर्षभरात गावच्या महापौराच्या मुलीशी, रोझमंड विन्सीशी, लग्न करून बसतो. ही रोझमंड मिसेस लेमनच्या शाळेत पहिली आलेली. त्या शाळेत घोडागाडीत चढावं कसं आणि उतरावं कसं, हेसुद्धा शिकवत. जमाखर्च शिकवत नसत.

प्रकरण ५८ मध्ये डॉक्टर बायकोला पहिल्यांदा सांगतो की आपल्यावर कर्ज झालंय. घरातलं सामान तारण लिहून द्यावं लागणार, चांदीची भांडी सोनाराला परत जाणार. त्यावर ती चार शब्दांत विचारते, "व्हॉट कॅन आय डू, टर्शियस?" लेखिका तिथं मुद्दाम थांबते आणि म्हणते की हे चार शब्द कुठल्याही भाषेत आवाजाच्या चढउतारानं वाटेल तो भाव दाखवू शकतात, अगदी जीव ओवाळून टाकण्यापासून ते थंडगार तुटकपणापर्यंत. रोझमंड ते म्हणते तुटकपणे.

दरवर्षी मी इथं एक गंमत करतो. मुलांना हे वाक्य मराठीत म्हणायला लावतो. "मी काय करू?" ही मदत झाली. "मी काय करणार?" हे हात वर केले. "मग मी काय करू?" हे भांडण. "मी तरी काय करू?" हे रडं. मागच्या बाकावरच्या एका पोरानं "आता मी काय करू त्याला?" असं खांदे उडवून म्हटलं, वर्ग हसला, आणि मी म्हणालो, "बरोबर, ही रोझमंड." आणि फळ्यावर ओढायला घेतलं: रोझमंडचा आत्मकेंद्री स्वभाव, मुद्दा एक.

"सर, पण तिला हे आधी माहीत होतं का?"

विचारणाऱ्या बाई पस्तिशीच्या. तालुक्यातल्या एका पतसंस्थेत वसुलीला आहेत, शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून तासाला येतात. वर्गातली पोरं त्यांना ताई म्हणतात. पुस्तक ग्रंथालयाचं, पण त्यात खुणेला जुन्या व्हाउचरच्या कापलेल्या पट्ट्या, तीसेक तरी असतील. वर्षभरात त्या फारशा बोलल्या नव्हत्या.

"काय माहीत होतं का?"

"कर्जाचं. सर, मी आकडे काढलेत. फळ्यावर लिहू?"

खडू दिला. त्यांनी फळा उभा दोन भागांत केला, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लग्नाआधीच्या फर्निचर वगैरेचा खर्च हातातल्या भांडवलापेक्षा चारशे ते पाचशे पौंड जास्त. पहिल्या वर्षाचा घरखर्च, घोडे, इतर किरकोळ मिळून जवळपास हजार. दवाखाना विकत घेताना जुन्या वह्यांवरून वर्षाला आठशेचा दिसत होता, तो उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा आटत आटत जेमतेम पाचशेवर आला. आणि त्या पाचशेतलेही बहुतेक येणं बाकी. सगळे आकडे प्रकरणातच आहेत, एका परिच्छेदात. सोळा वर्षं मी त्या परिच्छेदाला 'आर्थिक पार्श्वभूमी' म्हणून पुढे जात आलो होतो.

"चारशे-पाचशे आधीचे आणि पाचशे या वर्षीचे. म्हणजे हजाराच्या आसपास," खडू ठेवत त्या म्हणाल्या. "म्हणून तर पुढे तो गावच्या बँकरकडे, बुलस्ट्रोडकडे, बरोबर हजारच मागतो. आता ह्यातले पहिले चारशे-पाचशे लग्नाच्या आधी गेलेत, सर. तेव्हा ती बापाच्या घरी बसून रुमालांना लेस लावत होती. ह्याला आमच्याकडे कर्जच मिळालं नसतं."

मी म्हणालो, अहो, पण तिच्या आवडीसाठीच झाला ना तो खर्च? त्यांनी एक पट्टी काढली. प्रकरण ३६. जेवणाच्या भारी भांड्यांचा संच लिडगेट स्वतः दुकानात बघतो आणि स्वतःच घेतो, कारण ओबडधोबड भांडी त्याला सहन होत नाहीत. जांभळ्या खड्यांचा दागिना, तीस पौंडांचा, तोही त्यानंच लग्नात दिलेला. मग मलाही प्रकरण १५ आठवलं. तिथं लेखिका चक्क सांगून टाकते की या माणसाची बुद्धी शास्त्रात जेवढी तल्लख, तेवढी फर्निचर आणि बायका यांच्या बाबतीत नव्हती. फर्निचर आणि बायका, एका दमात. हे वाक्य मी दरवर्षी वाचून दाखवतो, मुलं हसतात, मीही हसतो. हिशेबाला मात्र ते कधी लावलं नव्हतं.

त्याच्या मिळकतीला उतरती कळा का लागली तेही बघण्यासारखं आहे. त्या काळात डॉक्टरचं बिल निघायचं ते औषधांवर. जितक्या बाटल्या तितके पैसे. लिडगेट म्हणतो, मी औषध विकणार नाही, तपासणीचे पैसे घेईन. तत्त्व म्हणून चांगलंच. पण वाण्याची बायको मिसेस मॉम्सी, तिचा जीव गुलाबी मिक्स्चरवर. औषध न देणारा हा कसला डॉक्टर, असा तिचा सवाल. ज्यांच्याकडे "सुई दिली नाही" म्हणून पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जातो त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मुद्दा असा की मिळकत घटण्याचं कारण तत्त्व होतं, आणि त्या तत्त्वाची किंमत घरात काय पडणार हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं, हेही खरं.

इथं मी जरा हट्टाला पेटलो. म्हटलं, मग तिनं पुढे जे केलं त्याचं काय? गरोदर असताना नको म्हटलेलं घोडं फिरवलं आणि मूल गेलं. नवऱ्यानं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं तर परस्पर लिलाववाल्या ट्रंबुलकडे जाऊन ते थांबवलं. त्याच्या काकांना चोरून पत्र लिहून पैसे मागितले, आणि उत्तराचा मार त्यानं खाल्ला.

"ते चुकलंच तिचं," बाई लगेच म्हणाल्या. "मी ती चांगली आहे म्हणतच नाही. मला तर ती अजिबात आवडत नाही. मी एवढंच म्हणते, की फाईल कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा."

मग त्यांनी गार्थांची फाईल काढली, आणि तिथं माझी पंचाईत झाली. रोझमंडचा भाऊ फ्रेड, त्याच्या १६० पौंडांच्या हुंडीला केलेब गार्थ जामीन राहतो. सज्जन माणूस, नाही म्हणता येत नाही. फ्रेडकडे उरतात पन्नास. बाकीचे ११० जामीनदारानं भरायचे. मिसेस गार्थ स्वयंपाकघरात पिठात हात घालून, त्याच वेळी मुलांना व्याकरण शिकवत असताना फ्रेड येऊन हे सांगतो. तिनं मुलाला, आल्फ्रेडला, कामाला लावण्यासाठी शिकवण्या करून ९२ पौंड जमवलेत. ते जातात. राहिले अठरा, ते मोठ्या मुलीकडून, मेरीकडून. मेरी चोवीस काढून देते. तिला यॉर्कच्या शाळेतली नोकरी मिळत होती तिचा पगार वर्षाला ३५ पौंड, त्यावरून चोवीस म्हणजे काय ते कळेल.

मी म्हणालो, हे बघा, हा आदर्श संसार. नवराबायको एकमेकांपासून काही लपवत नाहीत.

"लपवलं होतं की, सर. केलेबनंही बायकोला सांगितलं नव्हतं सही केल्याचं. फ्रेड आला तेव्हा कळलं तिला."

पुस्तक उघडलं. खरंच. केलेब स्वतःच म्हणतो, सुसान, मी तुला बोललो नाही.

वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मला आमच्या कर्मचारी पतपेढीतला एक फॉर्म दिसत होता. नऊ वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याला जामीन राहिलो होतो. त्याचे हप्ते थकले, माझ्या पगारातून कापायला लागले, आणि घरी कळलं ते बायकोनं पगाराची स्लिप वाचली तेव्हा. ती फक्त म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?" नाही म्हटली असती, म्हणून तर सांगितलं नव्हतं. हे अर्थातच वर्गात बोललो नाही.

"मग दोघींत फरक काय?" मी विचारलं. शिक्षकाची जुनी खोड, आपण अडकलो की प्रश्न विचारायचा.

बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मिसेस गार्थकडे ब्याण्णव होते. स्वतः कमावलेले. रोझमंडकडे जे होतं ते सगळं त्यानंच दिलेलं. ती काय आणून ठेवणार?"

ती आणते एकच गोष्ट, दागिन्यांची पेटी. हे मी वाचून दाखवलं. रोझमंड पेटी पुढे ठेवते आणि म्हणते, तुम्ही मला दिलेले दागिने एवढेच, हवे ते परत करा. उद्या सामानाची यादी करायला माणसं येणार, तेव्हा मी घरी थांबणार नाही, पप्पांकडे जाईन. लिडगेट दुखावतो. पहिल्याच संकटात मला एकट्याला सोडून जातेस? असल्या गोष्टी नोकरांवर टाकणं बरं नाही, आणि मला तर सकाळीच बाहेर पडावं लागेल. शेवटी ती थांबायचं कबूल करते. तो म्हणतो, दागिन्यांना मी हात लावणार नाही, पण परत करायच्या भांड्यांची यादी करून ठेवतो. ती म्हणते, "नोकरांना ते कळेलच." लेखिका म्हणते, आवाजात अगदी किंचित टोचणी.

दरवर्षी हे वाक्य आलं की मी म्हणतो, बघा, अशा वेळीसुद्धा हिला नोकर काय म्हणतील याची पडली आहे. या वर्षी तोंड उघडलं, पण बाई आधी बोलल्या.

"सर, हे असंच असतं. आम्ही नोटीस घेऊन जातो ना, साहेब घरात नसतातच. आम्ही येणार हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते सकाळीच बाहेर पडलेले असतात. दार बाई उघडतात. हाताला पीठ असतं, नाहीतर मूल कडेवर. नोटीस वाचतात आणि विचारतात, कसलं कर्ज? कधी काढलं? मग शेजारच्या दारातून कोण बघतंय ते बघतात." थोडं थांबून म्हणाल्या, "पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, नाटक करतात. सगळ्या जणी इतकं नाटक नाही करू शकत."

वर्गात कुणी हसलं नाही. मी फळ्याकडे वळलो. एका बाजूला जमाखर्च होता, दुसऱ्या कोपऱ्यात माझं 'आत्मकेंद्री स्वभाव, मुद्दा एक'. ते पुसलं. दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून तसंच ठेवलं.

राहिलेल्या वेळात शेवट सांगितला. लिडगेटचं संशोधन राहूनच जातं. लंडन आणि एक युरोपातलं आरोग्यस्नानाचं गाव असा त्याचा श्रीमंत पेशंटांचा धंदा चालतो, नाव होतं ते गाउट या सांध्यांच्या दुखण्यावरच्या एका प्रबंधामुळे, आणि पन्नाशीत घटसर्पानं जातो. बायकोला तो एकदा 'बेझिल'चं रोप म्हणतो, खून झालेल्या माणसाच्या मेंदूवर पोसलेलं. गाईडानं इथं 'तुळस' छापलंय. पहिल्या बाकावरची मुलगी कळवळून म्हणाली, "तुळशीला असं कसं म्हणतात, सर?" मग प्रियकराचं मुंडकं कुंडीत पुरून वर रोप लावणाऱ्या मुलीची जुनी इटालियन गोष्ट सांगावी लागली. म्हटलं, तुळस नका लिहू, सब्जा लिहा. सब्ज्याला कुणी दिवा लावत नाही.

"आणि विम्याचं, सर?" बाईंनी विचारलं. हो, तेही आहे. जाताना त्यानं मोठा विमा काढून ठेवलेला असतो, बायकामुलांची सोय होते.

"एक कागद तरी नीट केला," त्या म्हणाल्या.

घंटेआधी दोन मिनिटं होती. त्यात कादंबरीच्या नायिकेचं, डोरोथियाचं, ८३ वं प्रकरण घाईघाईनं उरकलं. पहिल्या नवऱ्याच्या नात्यातल्या विल लॅडिस्लॉशी लग्न केलं तर त्या नवऱ्याची इस्टेट जाणार, तशी त्यानं मृत्युपत्राला जोड लावून ठेवलेली. ती म्हणते, माझे स्वतःचे वर्षाला सातशे आहेत, पुष्कळ झाले, आणि कुठली वस्तू कितीला पडते ते मी शिकून घेईन. हे वाक्य मी नेहमी प्रेमाच्या बाजूनं शिकवतो. बाईंनी तिथंही एक पट्टी घातली.

तास सुटल्यावर त्या टेबलापाशी आल्या. पुढचे चार शनिवार येता येणार नाही म्हणाल्या, मार्च एंड. मग पिशवीत पुस्तक टाकता टाकता विचारलं, "सर, त्या सोनारानं चांदीची भांडी परत घेतली, तेव्हा घट किती लावली ते दिलंय का कुठं?"

बघून सांगतो, म्हटलं.