हॅम्बुर्गमध्ये घड्याळ बघण्याआधी पाणी बघा

लांडुंग्सब्र्युकनच्या धक्क्याला टोकाशी दगडी मनोरा आहे. त्याच्यावर घड्याळ आहे आणि एल्बे नदीच्या पाण्याची पातळीही दिसते. पर्यटक घड्याळाचा फोटो काढतात. आम्ही गाईड मंडळी आधी पातळी बघतो. मार्चमधल्या त्या रविवारी अकराला पाच कमी असताना ती वाचली आणि सव्वीस जणांच्या ग्रुपचा अकराचा बोटफेरा हातचा गेला हे तिथेच कळलं.

समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब, पण भरती-ओहोटी थेट शहरात येते. दोन्हींतला फरक साडेतीन मीटरच्या वर असतो. भरती साधारण पाच तासांत चढते, ओहोटी उतरायला सात तास घेते, आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. त्या दिवशी ओहोटीचा तळ ११:०५ ला होता. तेवढ्यावरही कदाचित निभावलं असतं, पण आदल्या दिवसापासून पूर्वेचा वारा होता. तो नदीचं पाणी समुद्राकडे ढकलतो आणि पातळी तक्त्यातल्या आकड्याच्याही खाली जाते. वायव्येचा वारा उलट पाणी आत लोटतो, मग मासळी बाजाराचं आवार बुडतं. म्हणून नुसता छापील तक्ता पुरत नाही. सागरी जलमापन खात्याचा रोजचा अंदाज पाहावाच लागतो.

बार्कासे म्हणतात त्या बुटक्या लाँच श्पायशरश्टाट या जुन्या गोदामांच्या वस्तीतल्या कालव्यांत शिरतात, तेच बघायला लोक पैसे मोजतात. पाणी उतरलं की कालव्यात गाळ उघडा पडतो, बोट टेकते. भरती टिपेला असली तर पूल डोक्याला लागतात, तेव्हाही प्रवेश बंद. चांगली वेळ म्हणजे मधली. बुकिंग करणाऱ्या ऑफिसने बारा महिने अकराचीच वेळ धरली होती. तिथे गडबड झाली.

कप्तान म्हणाला, कालवे सोडून नुसतं बंदर दाखवतो, याच पैशात. मी नको म्हटलं. कंटेनरचे डोंगर आणि तरंगत्या गोद्या बघायला स्वस्त मार्ग आहे, तो पुढे येईलच. फेरा सव्वादोनवर ढकलून घेतला. भरती चार-सव्वाचारला टिपेला येणार, म्हणजे दोन तास आधी पाणी पुरेसं आणि पुलाखाली जागाही. ग्रुपमधले मालवणचे काका एवढंच म्हणाले, "आमच्या खाडीत पण हाच हिशोब."

मधले तीन तास भरायचे होते. सकाळी सातला मासळी बाजार झालेला होता. १७०३ पासूनचा हा बाजार रविवारी साडेनऊला संपतो, कारण मूळ परवानगीच चर्चच्या प्रार्थनेआधी मासे विकून टाकायची होती. हिवाळ्यात सातला सुरू होतो, एप्रिल ते ऑक्टोबर पाचला. शेवटच्या अर्ध्या तासात फळांच्या टोपल्या स्वस्त होतात, पण दिवसभर त्या उचलणार कोण?

धक्क्याच्या पश्चिम टोकाला हिरवट घुमट आहे. तो जुन्या एल्बे बोगद्याचा. १९११ सालचा, ४२६ मीटर लांब, २४ मीटर खोलवर, पायी जाणाऱ्याला फुकट. गोदी कामगारांना नदीपलीकडच्या कारखान्यांत पोचवायला बांधलेला. लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूही आल्या. भिंतींवरच्या भाजक्या मातीच्या फलकांत मासे, खेकडे आहेत. बहुतेक जण मान खाली घालून चालतात आणि ते चुकवतात. आत थंडी असते, स्वेटर हातात नको, अंगात हवा. पलीकडे श्टाइनवेर्डरला वर आलात की शहराचं पूर्ण चित्र समोर. जाऊन येऊन पाऊण तास धरा, फोटोवाले असतील तर एक तास.

मग ६२ नंबरची फेरी. ही सहलीची बोट नाही, शहराच्या बसलोकलचं तिकीटच तिला चालतं. धक्का क्रमांक तीन. फिंकनवेर्डरपर्यंत अर्धा तास, न उतरता परत अर्धा तास. रविवारी दुपारी वरच्या डेकसाठी झुंबड असते. ग्रुप एकत्र राहायचा हट्ट धरलात तर दोन बोटी हुकतात. मी तेरा-तेराचे दोन गट केले आणि परतीची जागा ठरवून दिली. जेवणाचे डबे बोटीतच उघडले गेले. वाऱ्यात कागदी रुमाल पहिले उडतात.

सव्वादोनला कालव्यात शिरलो तेव्हा भिंतींवरचा शेवाळाचा पट्टा बराचसा पाण्याखाली गेला होता. १८८३ पासून ही गोदामं लाकडी खुंटांवर उभी राहिली, कारण १८८८ ला हॅम्बुर्ग जर्मनीच्या जकात संघात आलं आणि जकातमुक्त साठवणीला वेगळी जागा लागली. त्यासाठी इथली वस्ती हलवली, सुमारे वीस हजार माणसं. प्रत्येक इमारतीच्या कपाळाला कप्पी आहे. होडीतला माल कालव्याच्या बाजूने वर, गाडीवरचा रस्त्याच्या बाजूने. कॉफी, चहा, गालिचे, मसाले. इथल्या व्यापाऱ्यांना अजून चेष्टेने "मिऱ्यांची पोती" म्हणतात, हे सांगितल्यावर बोटीत पहिल्यांदा सगळे एकदम हसले. कप्तान पुलापुलाला हाताने खूण करत होता, उभे असलेले खाली बसत होते.

सव्वातीनला उतरलो. धक्का तरंगता आहे, किनाऱ्याला जोडणारे पूल पाण्याबरोबर वरखाली होतात. सकाळी काकूंना त्या उतारावर दोघांनी धरून खाली नेलं होतं. आता पूल जवळजवळ सपाट होता आणि त्या एकट्या पुढे निघून गेल्या होत्या.