खिओस प्रोजेक्ट, तिसरा उन्हाळा: झाडाखालचा उजेड सापडला, आता हिवाळा बाकी

मंडळी, मे महिन्यानंतर आज लिहायला बसतेय. खिओस बेटावरच्या मस्तिहाच्या, म्हणजे झाडाच्या एका सुगंधी चिकाच्या, शेतीचे फोटो काढायला जुलैत एक आणि ऑगस्टमध्ये एक अशा दोन खेपा झाल्या, मिळून १९ दिवस, साधारण ३२०० फ्रेम्स, त्यातल्या ८४ ठेवल्यात आणि प्रिंट करून भिंतीवर लावाव्यात अशा ११ निघाल्या. ११ म्हणजे मला खूप वाटतायत, पहिल्या दोन वर्षांच्या मिळून सातच होत्या.

नवीन लोकांसाठी थोडं मागचं सांगते. खिओस हे एजियन समुद्रातलं ग्रीक बेट, तुर्कस्तानच्या इतकं जवळ की रात्री समोर चेश्मेचे दिवे दिसतात. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रीची फेरी पकडली की सकाळी पोचतो. पोस्टरवरचं निळे घुमट आणि पांढरी घरं असलेलं ग्रीस इथे नाही, इथला दगड तपकिरी, गावं तपकिरी आणि दक्षिणेच्या टेकड्यांवर मस्तिहाची बुटकी, पिळवटलेली हिरवी झाडं. हा मस्तिहा म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळते ती रुमी मस्तकी. आमच्या मिरजेच्या घरी आजोबांच्या औषधांच्या डब्यात एका पुडीवर ते नाव लिहिलेलं असायचं आणि मला वाटायचं ही कुठल्या तरी डोंगरातली माती असेल. ती एका झाडाचा चीक आहे, आणि त्या झाडाला अजून हाताने टोचून, हाताने वेचून, हाताने साफ करून ती पुडीपर्यंत येते, हे कळलं त्या दिवशीच प्रोजेक्ट सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. झाड पिस्त्याच्या कुळातलं आहे. पाचव्या-सहाव्या वर्षी थोडं थोडं द्यायला लागतं आणि एका झाडाचं वर्षाचं उत्पन्न दीड-दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ओंजळभर.

आता मुख्य गोष्ट, उजेड.

जूनच्या शेवटापासून झाडाखालची जमीन तयार करतात. पालापाचोळा, खडे काढून, झाडून, सपाट करून, अगदी आपल्याकडे खळं करतात तशी, आणि मग त्यावर चाळणीने बारीक पांढरी चुनखडीची माती पसरतात. चिकाचे थेंब त्या पांढऱ्यावर पडले की स्वच्छ राहतात आणि नीट सुकतात. बघायला इतकं सुंदर की प्रत्येक झाडाच्या पायाशी कोणीतरी रांगोळीचा गोल भरून ठेवलाय असं वाटतं. पण कॅमेऱ्याचे हाल होतात हो. फांद्यांतून उन्हाचे कवडसे त्या पांढऱ्यावर पडले की हायलाइट्स, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, पूर्ण उडतात, नुसते पांढरे होतात, तिथलं एक्सपोजर सांभाळलं तर वाकून काम करणाऱ्या माणसाचा चेहरा काळाकुट्ट, आणि वरून पानांचा हिरवा रंग त्वचेवर चढतो तो वेगळाच. २०२३ चे माझे जवळपास सगळे फोटो याच कारणाने फुकट गेले, मी दहा वाजता शेतात पोचायचे आणि रॉ मधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, काढता येईल असं मनाशी म्हणायचे. नाही येत काढता. उडालेलं पांढरं परत येत नाही.

यंदा पहाटे साडेपाचला निघायला लागले. लोकही त्याच वेळी कामाला लागतात, ऊन चढायच्या आत उरकायचं असतं, आणि वेचणीच्या दिवसांत तर गारव्यात चीक कडक असतो, हाताला चिकटत नाही, म्हणून पहाटच लागते. सहाच्या आसपास सूर्य उगवतो पण टेकडीच्या बांधामागून शेतात उतरायला त्याला वेळ लागतो, मधली जी चाळीसेक मिनिटं असतात ना, तीच माझी. आकाश उजळलेलं, थेट ऊन नाही, आणि तीच पांढरी जमीन आता रिफ्लेक्टरचं काम करते, खालून मऊ उजेड चेहऱ्यावर आणि हातांवर येतो. जिच्याशी दोन वर्षं भांडत होते तीच जमीन वेळ बदलल्यावर मदतीला आली. सेटिंग्ज विचारतील म्हणून, ३५ एमएम, एफ ४, १/२५०, आयएसओ ८००, आणि ग्रे कार्ड, म्हणजे करड्या रंगाचा पुठ्ठा, झाडाखाली जिथे हात चालतायत तिथेच धरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) घ्यायचा, उघड्यावर घेतला तर हिरवी झाक तशीच राहते.

टोचण्याला तिथे केंदिमा म्हणतात. हाच शब्द ग्रीकमध्ये भरतकामालाही आहे. छोट्या अणकुचीदार हत्याराने खोडाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या खाचा द्यायच्या, आठवड्यातून दोनदा, पाच-सहा आठवडे, आणि एकाच दिवशी जास्त टोचायचं नाही, झाड दमतं असं ते म्हणतात. टाक् टाक् टाक् असा बारीक आवाज सगळ्या शेतातून येत असतो. थेंब सुरुवातीला काचेसारखा पारदर्शक असतो आणि ऑटोफोकस त्याच्या आरपार जाऊन मागच्या सालीवर बसतो, म्हणून मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायचे फोटो, पूर्ण मॅन्युअल, ९० एमएम, एफ ८, सूर्य बाजूने आणि खाली असताना. मेल्तेमीचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या उत्तरेच्या वाऱ्याचा, त्रास वाटला होता त्यापेक्षा कमी झाला, पानं हलतात पण खोडावरचा थेंब हलत नाही. खाली लोंबणारे थेंब मात्र हलतात, ते सोडून दिले. पंधरा-वीस दिवसांत थेंब कडक होतो आणि मग वेचणी. थेंबांना तिथे अश्रू म्हणतात, गावात गोष्ट आहे की तिसऱ्या शतकात संत इसिदोरचा छळ झाला तेव्हा झाडं रडली आणि तेव्हापासून रडतायत.

एक चूक झाली ती सांगतेच, कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल. जुलैच्या दुसऱ्याच दिवशी फ्रेम नीट मिळावी म्हणून मी एक पाऊल मागे घेतलं आणि थेट शेजारच्या झाडाच्या पांढऱ्या गोलात उभी राहिले. याया, म्हणजे त्या शेतातल्या आजी, काही बोलल्या नाहीत, त्यांनी माझा पाय उचलायला लावला, झाडू आणला, चाळणी आणली आणि तेवढा तुकडा परत केला. वीस मिनिटं गेली त्यांची, तीही पहाटेची. मला फार लागलं ते मनाला. त्यानंतर ट्रायपॉड गाडीतच ठेवला, उभं कुठे राहायचं ते आधी विचारते आणि मगच कॅमेरा काढते.

गावांबद्दल यंदा फारसं नवीन नाही. मेस्ता हे गाव आतून अजून नीट जमलेलं नाही, गल्ल्या इतक्या अरुंद की आकाशाची पट्टी आणि भिंत यात उजेडाचा पाच-सहा स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ही गावं इटलीतल्या जेनोवाच्या लोकांच्या अमलात, म्हणजे १३४६ ते १५६६ च्या काळात, किल्ल्यासारखी बांधली गेली, बाहेरच्या घरांच्या पाठी हाच तट, आत वाट चुकावी अशा गल्ल्या, आणि हे सगळं चाचे येऊ नयेत म्हणून. मस्तिहा इतका मोलाचा होता. पिरगी गावातल्या भिंती मात्र मिळाल्या. काळसर वाळू आणि चुन्याचा गिलावा, वरून पांढरा हात, आणि ओला असतानाच काट्याने खरवडून त्रिकोण, चौकोन, गोल काढायचे, त्याला क्सिस्ता म्हणतात. मी आधी त्या नक्षीचे सरळ समोरून फोटो काढत होते, ते सगळे सतरंजीसारखे सपाट यायचे. आता ऑगस्टच्या शेवटी बाल्कन्यांतून छोट्या टोमॅटोच्या माळा लटकायला लागल्या तेव्हा बाजूचं ऊन आणि लाल रंग असं मिळून काहीतरी जमलं. ११ मधल्या दोन फ्रेम्स तिथल्या आहेत.

२०१२ च्या ऑगस्टमधल्या मोठ्या आगीत मस्तिहाची खूप झाडं जळाली होती. त्या उतारांवर नंतर लावलेली झाडं आता दिसतात, एकाच वयाची, एकाच उंचीची, आणि जुन्या शेतांशेजारी ठेवली की फरक चटकन कळतो. त्याची एक जोडी करतेय, तोच कोन, तीच वेळ, पण अजून समाधान नाही.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. ऑगस्टमधल्या शेवटच्या संध्याकाळी मी प्रिंट्स द्यायला यायांकडे गेले (ज्यांचा फोटो काढते त्यांना पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन देतेच). पाण्याच्या ग्लासात चमचाभर मस्तिहाची पांढरी साखर-पेस्ट बुडवून दिली, तिला तिथे पाणबुडी म्हणतात, चाटत चाटत खायची आणि वरून ते गार पाणी प्यायचं. बोलता बोलता त्यांनी मागच्या वर्षीच्या मालातलं उरलेलं एक ताट काढलं, एक छोटी सुरी घेतली आणि एकेक खडा उचलून त्याला चिकटलेली माती, सालीचा कण खरवडायला लागल्या. न बघता, बोटांनी. मला क्षणात आमच्या सोप्यातल्या बायका दिसल्या, परातीत तांदूळ घेऊन निवडत बसलेल्या. नातू इंग्रजीत सांगत होता की उन्हाळ्यात चाळून, धुऊन, सावलीत सुकवून ठेवलेला माल हिवाळाभर असाच निवडतात, शेजारणी एकमेकींच्या घरी जमतात, आणि त्यात बघता बघता महिने जातात.

मी तीन उन्हाळे झाड टिपतेय आणि अर्ध्याहून जास्त काम माझ्या फ्रेममध्ये आलेलंच नाही. युनेस्कोने २०१४ मध्ये या लागवडीच्या ज्ञानाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, २०१६ पासून पिरगीजवळ मस्तिहाचं मोठं म्युझियमही आहे, तिथे हे सगळं वाचलं होतं मी, पण ते ताट समोर येईपर्यंत डोक्यात बसलं नव्हतं.

म्हणून सिरीजचा क्रम बदलतेय. सुरुवात आता निवडणाऱ्या हातांनी, झाड नंतर. जानेवारीची सुट्टी टाकलीय, १८ ला पिरेयसहून फेरी. यायांची निवडायची खोली लहान आहे, एक खिडकी उत्तरेला, आणि डोक्यावर ट्यूब. ट्यूब बंद करा असं सांगणार नाही, त्यांना दिसायला हवं. तेव्हा ३५ एमएम एफ १.८ वर, आयएसओ ३२०० पर्यंत जाईन, आणि ट्यूब-खिडकीच्या मिश्र उजेडासाठी काय करावं हे ज्यांनी घरातल्या कामांचे फोटो काढलेत त्यांनी प्लीज लिहा, मी दोन्ही उजेडांत ग्रे कार्ड धरून माप घेऊन सरासरी काढायचं ठरवलंय पण खात्री नाही.

निघताना यायांनी विचारलं, नुसते फोटोच काढणार की बसणार पण? मी म्हटलं बसेन. तर म्हणाल्या, सुरी मी देते, चष्मा तेवढा तुझा तू आण.