नाव घातलेलं ओगराळं

बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना पुण्याचं केळकर संग्रहालय दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. पाहुणे मस्तानी महालाकडे पळतात आणि मी वज्रींपाशी अडकते. टाच घासायच्या वज्रीवर कुणाला मोर बसवावासा का वाटला असेल? पायाखाली तो दिसणारही नाही. तरी बसवलाय, पिसाऱ्यासकट. तीच गत अडकित्त्यांची. सुपारी कातरायची ती कातरायची, पण पक्ष्याच्या चोचीत धरून!

हे सगळं जमवणारे दिनकर केळकर म्हणजे चष्म्याच्या दुकानातला माणूस, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारा. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. संग्रह २०,००० वस्तूंच्या वर, पण मांडलेल्या त्यातल्या २,५००च्या आसपास. हे प्रमाण आमच्या घराला तंतोतंत लागू आहे. बाकीचं सगळं माळ्यावर.

यंदा गणपतीत सोसायटीत अंताक्षरीऐवजी हा माळाच खाली उतरवायचा ठरला. घरटी एक जुनी वस्तू आणायची आणि सोबत चिठ्ठी: नाव, काम, कुणाची. पार्किंगमध्ये टेबलं लागली. रोवळी आली, पानपुडा आला, बंब आला, आणि पाटा-वरवंटा चौघांनी मिळून आणला. पितळ मात्र अपेक्षेपेक्षा कमी. बरंचसं पूर्वीच मोडीत जाऊन त्याचं स्टील झालेलं होतं. बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेलं स्टीलचं पातेलंही कुणीतरी 'पुरातन' म्हणून मांडून ठेवलं. कमिटीने ते नाकारलं नाही. कमिटीत त्या बाईंचेच यजमान होते.

खरी गर्दी खेचली ती कल्हईवाल्याने. त्याला मुद्दाम बोलावलं होतं. त्याने कोपऱ्यात भट्टी मांडली, भाता सुरू केला आणि आमचं काळवंडलेलं पातेलं सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवायला लागला. पातेलं तापल्यावर आत नवसागर भुरभुरवला. पांढरा धूर असा उठला की सेक्रेटरी खोकत खोकत 'हे परवानगीत नव्हतं' म्हणाले. मग कथलाची कांडी आत नुसती टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवली. पिवळ्या पितळेवर चांदणं पसरावं तसं झालं. पातेलं पाण्यात गेलं, चर्र झालं. एका मुलाने विचारलं, "हे नॉनस्टिक झालं का आता?" कल्हईवाला म्हणाला, "नाही रे बाळा, आता यात ताक कळकणार नाही." कळकणं म्हणजे पितळेला लागून आंबट बिघडणं, हे त्या मुलाला समजावण्यात तीन आज्यांची पंधरा मिनिटं गेली.

मी आजीचं ओगराळं मांडलं होतं. उभ्या दांड्याचं, खोलगट, पंगतीत आमटी वाढायचं. चिठ्ठीवर झोकात लिहिलं होतं: 'आमच्या आजीचं.' दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, चिठ्ठी वाचली, ओगराळं उचललं, चष्मा नाकावर सरकवला आणि सरळ उलटं केलं. संग्रहालयात काचेमुळे हे कुणाला करता येत नाही, हे किती बरं आहे ते मला तेव्हा कळलं.

बुडाशी छिन्नीने टिंबं टिंबं ठोकून घातलेलं नाव होतं. आजीचं नव्हतं. काकूंच्या सासूबाईंचं होतं, पुढे तारीखही: १४-५-५३.

आमची सोसायटी जुन्या वाड्याच्या जागेवर उभी आहे आणि त्यातली निम्मी बिऱ्हाडं तीच आहेत. वाड्यात कुणाचंही कार्य निघालं की सगळ्यांची भांडी एकत्र व्हायची आणि नंतर नावं वाचून वाटली जायची. नाव घालायचं ते त्यासाठीच. हल्ली भांड्याच्या दुकानात मशीन टर्रर्र करतं आणि आपण 'सप्रेम भेट' घालून घेतो. तेव्हा मात्र तो मालकीचा चोख पुरावा होता. आमच्या घरात तो इतकी वर्षं कुणी वाचला नव्हता, किंवा आजीने वाचून गप्प बसणं पसंत केलं होतं. आजीला ओळखणारे दुसऱ्या शक्यतेकडे झुकतील.

"माझ्या मुंजीतलं असेल गं," बाबा म्हणाले. "किंवा धाकट्या आत्याच्या लग्नातलं."

काकू हसल्या. "राहू दे की तुमच्याकडे," म्हणाल्या, पण ओगराळं हातातून खाली ठेवलं नाही.

मी चिठ्ठी बदलली. रात्री टेबलं आवरल्यावर ओगराळं घासून, पुसून वर द्यायला निघाले, तशी आईने जिन्यातच हाक मारली. "अगं, रिकामं काय नेतेस?" फ्रिज उघडून तिने आत पाहिलं. नैवेद्याचे चार मोदक उरले होते. ओगराळ्यात दोनच मावले. उरलेले दोन तिने वाटीत घातले आणि म्हणाली, "वाटी मात्र लगेच घेऊन ये."