तुम्ही विचारलेत म्हणून : त्या केरिसमध्ये खरेच काही असते का?

आमच्या पुण्याच्या घरी, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, चांदीच्या गणपतीच्या खालच्या फळीवर एक केरिस, म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरची कट्यार, आहे. पाहुणे ती बाहेर काढायला लावतात, पात्याची वळणे बोटाने मोजतात, हा आपला बिचवाच का म्हणून विचारतात, आणि चहा संपत आला की आवाज थोडा उतरवून मूळ प्रश्नावर येतात : "त्यात म्हणे काहीतरी असते, ते खरे का? घरात ठेवलेली चालते का?" मी आजवर या प्रश्नाला हसून बगल देत आलो. एकदा नीट उत्तर द्यावे म्हणून हे लिहितो आहे.

माझा पेशा धातूचा. जावातील सोलो, म्हणजेच सुराकार्ता, या शहराजवळच्या एका कापड गिरणीत यंत्रांच्या देखभालीवर मी आठ वर्षे होतो. लोखंड तापवून ठोकले की त्यात काय घडते हे मला पुस्तकातून आणि हाताने, दोन्ही रीतींनी माहीत आहे. त्यामुळे पहिल्यांदा लोहाराच्या भट्टीपाशी गेलो तेव्हा आपल्याला इथे नवे काही कळणार नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

बिचव्याचे आधी सांगून टाकतो : नाही, हा बिचवा नाही. केरिसचे पाते मुठीकडे एका बाजूला रुंद होत जाते, त्यामुळे ते मुद्दाम घडवलेले तिरपे दिसते. या रुंद बुडाखाली 'गांजा' नावाचा वेगळा आडवा तुकडा बसवलेला असतो, आणि पात्याचा खालचा काटा त्याच्या भोकातून आरपार जाऊन मुठीत शिरतो. या जोडणीत जावानी माणसाला लिंग आणि योनी दिसते, तर संबंध पात्यात नाग दिसतो. वळणे असतील तर नाग चालता आहे आणि पाते सरळ असेल तर तो तपाला बसला आहे, असे मानतात. सरळ पात्याच्या केरिसही असंख्य आहेत. वळणे असली तर ती नेहमी विषम असतात : तीन, पाच, सात, आणि बहुधा तेरापर्यंत. माझ्या केरिसला सात आहेत. घाव घालण्यासाठी हे शस्त्र नाही, ते खुपसण्याचे आहे, आणि आपण सुरी पाजळतो तशी त्याला कोणी धार लावत बसत नाही.

आता घडणीकडे येतो, कारण माझे उत्तर तिथेच आहे.

केरिस घडवणाऱ्याला जावात 'एम्पू' म्हणतात. परंपरेने तो काम हाती घेण्यापूर्वी उपवास करतो, भट्टीपुढे नैवेद्य ठेवतो आणि केरिस ज्याच्यासाठी करायची त्याचा जन्मवार विचारून घेतो. हा वार दुहेरी असतो, कारण जावात सात वारांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचा बाजाराचा आठवडाही चालतो. मग लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये निकेल असलेल्या धातूचा पातळ पत्रा ठेवून ती चळत सागाच्या कोळशावर तापवतात. डोळे दिपतील इतकी ती पांढरी झाली की एम्पू लहान हातोडीने जागा दाखवतो आणि त्याचे मदतनीस मोठे घण घालतात. जोड बसला की पट्टी लांबवायची, दुमडायची, पुन्हा तापवायची, पुन्हा ठोकायची. प्रत्येक घडीला पदर दुप्पट होतात, म्हणजे एका पदराचे सात घड्यांत 128 होतात, आणि प्रत्येक तापवणीत लोखंडाचा काही भाग खपल्या होऊन जळून जातो. म्हणून एम्पू पहिल्या दिवशी जेवढे लोखंड घेऊन बसतो त्याचा फार थोडा हिस्सा शेवटी पात्यात उरतो. शेवटी या पट्टीचे दोन भाग करून मधे पोलादाचा पत्रा घालतात. टोक आणि कड त्या पोलादाची, आणि दोन्ही अंगांवर दिसणारी नक्षी त्या दुमडलेल्या पदरांची. दमास्कसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या पोलादातली नक्षी धातूच्या लगडीतच स्फटिकांनी तयार झालेली असते, इथली मात्र पदर रचून आणलेली असते. या दोन गोष्टी लोक नेहमी एक समजतात.

या नक्षीला 'पामोर' म्हणतात. शब्दाचा अर्थ मिसळण. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रांबानानच्या शिवमंदिराच्या परिसरातून एक उल्का सोलोच्या राजवाड्यात आणली गेली आणि तिच्यातला निकेलयुक्त धातू दरबारच्या केरिसमध्ये वापरला गेला. उरलेला दगड राजवाड्यात आहे आणि त्याला 'कांजेंग क्याई पामोर' असे आदरार्थी नाव आहे. आकाशातून आलेला धातू पृथ्वीच्या लोखंडाशी मिसळतो, यात त्या लोकांना काय दिसले असेल ते वेगळे सांगायला नको. मला मात्र त्याहून मोलाची वाटली ती एम्पूंच्या बोलीतली एक वाटणी. पामोरचे ते दोन प्रकार करतात. 'रेकान' म्हणजे योजलेला, लोहाराने ठरवून पाडलेला, जसा व्यापाऱ्यांच्या आवडीचा 'उदान मास', सोन्याचा पाऊस, ज्यात बारीक वर्तुळे ओळीने पडलेली असतात. आणि 'तिबान' म्हणजे वरून पडलेला, लोहाराने न ठरवता पदरांत आपोआप उमटलेला. 'वोस वुताह' हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा. अर्थ सांडलेले तांदूळ, आणि दिसतोही तसाच, नव्या नवरीने माप ओलांडल्यावर उंबऱ्यात विखुरतात तसा.

घण घालताना पदर कुठे किती दबतील, ताण कुठे जाईल, जोड कुठे सुटेल, हे आजही कोणी बिंदू-बिंदू सांगू शकत नाही. आम्ही त्याला प्रक्रियेतली तफावत म्हणतो आणि ती कमी करण्यात आयुष्य घालवतो. एम्पूने त्या तफावतीला नाव दिले, तिचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही, आणि ती जिथे सर्वात सुंदर पडली तिथे तिला दान मानले. केरिसमध्ये 'काहीतरी' असते असे लोक म्हणतात तेव्हा मला ही फट आठवते. हाताने केलेले जिथे संपते आणि हाताने न केलेले जिथे सुरू होते, ती जागा या लोकांनी पात्यावर उघड दिसेल अशी ठेवली.

माझी केरिस जुनी नाही. ती सोलोतल्याच एका लोहाराने घडवली. मी ती विकत घेतली असे म्हणालो तर तिथे चूक दाखवतात. केरिसला किंमत नसते, तिच्यासाठी 'महार' द्यायचा असतो, म्हणजे मुस्लिम विवाहात वधूला देतात तो मेहर. घरी आणल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर नारिंगी ठिपके आले. मी गिरणीतून गंज काढायचे द्रावण आणि पॉलिश पेपर आणून ती पोलादी पट्टीसारखी लख्ख केली आणि मोठ्या अभिमानाने शेजारच्या आजोबांना दाखवली. ते निवृत्त शाळामास्तर होते, सगळी गल्ली त्यांना 'म्बाह' म्हणे. त्यांनी ती दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली, पाते पाहिले आणि एवढेच म्हणाले, "तुम्ही हिला अगदी उघडी केलीत."

पुढे त्यांनीच तिला नीट केले. पाते नारळाच्या पाण्यात भिजत ठेवले, लिंबाने आणि रिठ्याने घासले (त्यांचा 'लेराक' हा आपल्या रिठ्याचाच भाऊ), आणि मग त्यावर 'वारांगान' चढवले. हे सोमलयुक्त खनिज, आपल्या मनशीळ-हरताळाच्या कुळातले, लिंबाच्या रसात कालवलेले. सोमल लोखंडाला धरतो आणि ते काळे पडते, निकेलला तो तसा धरत नाही, म्हणून ते चांदीसारखे राहते. माझ्या डोळ्यांदेखत करड्या पात्यातून सांडलेले तांदूळ एकेक करून वर आले. रसायन मला ठाऊक होते, तरी मी खुर्ची पुढे ओढून बसलो. हा प्रकार विषारी आहे, कोणी घरी करू नये. शिवाय प्रत्येक स्नानात पात्याचा थोडा अंश जातो, म्हणून शतकानुशतके निगा राखलेल्या केरिस कागदासारख्या पातळ झालेल्या दिसतात. त्यांना झिजवते ती सेवाच.

हे स्नान 'सुरो' महिन्यात घालतात. जावानी वर्षाचा तो पहिला महिना, म्हणजे मोहरम. 1633 मध्ये मातारामच्या सुलतान आगुंगने चांद्र हिजरी महिने स्वीकारले, पण वर्षाचा आकडा मोडला नाही : तेव्हा शक 1555 चालू होता, तोच पुढे मोजत नेला. आपल्या पंचांगावरचा शक आणि त्यांचा आकडा एकाच ठिकाणाहून निघाले, हे मला सोलोतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरने शिकवले. सुरोच्या पहिल्या रात्री राजवाड्यातली शस्त्रे मिरवणुकीने निघतात आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या रेड्यांचा कळप चालतो. त्या रेड्यांनाही 'क्याई' ही पदवी आहे.

शब्दांचे नाते याहून जुने. जुन्या, काव्यातल्या जावानीत केरिसला 'चुरिगा' म्हणतात, ही संस्कृत छुरिका, आपली सुरी. जावानी पुरुषाला पाच गोष्टी हव्यात असे म्हणतात : विस्मा, वनिता, तुरंगा, कुकिला आणि चुरिगा. घर, स्त्री, घोडा, पक्षी आणि केरिस. वेश्म आणि कोकिळ त्यात लपलेले आहेत हे ध्यानात आले तेव्हा मी एकटाच हसलो होतो. लावू पर्वताच्या उतारावर पंधराव्या शतकातले सुकुह मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पात भीम पाते घडवतो आहे, अर्जुन उभ्या भात्याचे दट्टे ओढतो आहे, आणि दोघांच्या मधे गणपती नाचतो आहे. भट्टीचे इतके अचूक चित्र मी आमच्या पाठ्यपुस्तकातही पाहिले नव्हते.

बालीत हीच वस्तू वेगळ्या स्वभावाची होते. पाते मोठे, पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला, आणि मूठ देवाच्या किंवा राक्षसाच्या आकाराची, सोन्या-माणकांनी मढवलेली. जावात इस्लाम आल्यावर मुठीतली माणसाची आकृती इतकी आटत गेली की आता सांगितल्याशिवाय ती ओळखू येत नाही. मला स्वतःला ती आटलेली मूठ अधिक आवडते. बालीतल्या लोहारांची 'पांदे' ही जमात स्वतःला अग्नीचा स्वामी असलेल्या ब्रह्मदेवाची मानते. दर 210 दिवसांनी 'तुम्पेक लांदेप' येतो. लांदेप म्हणजे धारदार. त्या दिवशी केरिसची पूजा होते, आणि तिच्याबरोबर मोटारी, स्कूटर आणि लॅपटॉपचीही. खंडेनवमीला ज्याने वाहनाला झेंडूचा हार घातला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पण बालीच्या केरिसची एक आठवण मात्र झेंडूची नाही. 20 सप्टेंबर 1906 रोजी बादुंगचे राजघराणे आणि 1908 मध्ये क्लुंगकुंगचे, पांढरी वस्त्रे नेसून, हातात केरिस घेऊन डच बंदुकांसमोर चालत गेले. जिंकण्याची आशा त्यात नव्हती. अनेकांनी त्याच केरिसने आपल्याच माणसांना आणि स्वतःला संपवले.

शापाच्या कथा लोकांना फार आवडतात, म्हणून एक सांगतो. केन आरोकने एम्पू गांद्रिंगकडे केरिस मागितली. ती अपुरी होती म्हणून चिडून त्याच पात्याने त्याला मारले, आणि मरता मरता गांद्रिंगने शाप दिला की ही केरिस सात राजांचा जीव घेईल. केन आरोक 1222 मध्ये पूर्व जावातल्या सिंगासारीचा राजा झाला आणि पुढे त्याच पात्याने मेला. मी ही कथा ऐकतो तेव्हा माझे लक्ष शापाकडे जात नाही, 'अपुरी' या शब्दाकडे जाते. लोहाराला वेळ दिला नाही, एवढेच त्यात घडले आहे. दुसरी गोष्ट इतिहासातली. 1825 ते 1830 डचांशी लढलेल्या जावानी राजपुत्र दिपोनगोरोची मानली जाणारी केरिस मार्च 2020 मध्ये डच राजाच्या भेटीच्या वेळी इंडोनेशियाला परत मिळाली. तिच्या ओळखीबद्दल जाणकारांत वाद झाला, आणि तो वाद वळणांवरून, म्यानावरून, नागाच्या आकृतीवरून झाला. देशाच्या स्वाभिमानाचा प्रश्न असतानाही शेवटी पात्याकडे नीट बघणारी माणसे तिथे आहेत, याचे मला बरे वाटले.

तर, त्यात काही असते का? उडणारी, शत्रूची चाहूल लागताच म्यानात खडखडणारी केरिस मी पाहिली नाही आणि पाहायला मिळेल अशी माझी अपेक्षाही नाही. ती घरात खुशाल ठेवता येते, फक्त दमट हवेत जपावे लागते. पण माझ्या केरिसच्या टोकापासून चार बोटांवर एक जागा आहे, जिथे तांदळाचे दाणे अचानक तुटतात आणि एक बारीक काळी रेघ जाते. तो जोडातला दोष आहे, भिंगाखाली स्पष्ट दिसतो. लोहाराला मी तो दाखवला आणि पुन्हा तापवून बुजवता येईल का विचारले, तेव्हा त्याने "तिबान" एवढेच उत्तर दिले आणि पाते कापडात गुंडाळून माझ्या हाती ठेवले. हाच तुकडा गिरणीच्या तपासणीच्या टेबलावर आला असता तर मी तो नाकारला असता.

खंडेनवमीला मी तिला माझ्या जुन्या व्हर्नियर कॅलिपरशेजारी पाटावर ठेवतो. कुंकू मात्र म्यानाला लावतो, पात्याला नाही. ओल्या कुंकवाने गंज धरतो.