वीस बाइटचा बॅकअप

22 ऑगस्ट 2021. रविवार, राखी पौर्णिमा. सकाळी सव्वासहाला रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, सर्व्हरवर लाल दिवा लागलाय आणि एकसारखी शिट्टी वाजतेय." मी चहा तसाच ठेवून गाडी काढली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या संगणक विभागात मी काम करते. अकरा हजारांच्या वर उत्पादकांचं दूध रोज दोन वेळा मोजलं जातं आणि लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) असं सगळं आमच्या सर्व्हरवर येतं. दर दहा दिवसांनी त्यावरून बिल निघतं. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला त्या बिलाची तारीख तोंडपाठ असते. 11 ते 20 ऑगस्टचं बिल आम्हाला सोमवारी काढायचं होतं.

सर्व्हर रूममध्ये गेल्यावर कळलं की आरशासारख्या जोडीनं चालणाऱ्या दोन डिस्कपैकी एक गेली आहे. एवढंच असतं तर घाबरायचं कारण नव्हतं, नवी डिस्क लावायची आणि मोकळं व्हायचं. पण दुसऱ्या डिस्कचा अहवाल काढला, तर तिच्यावरही खराब जागा वाढत चालल्या होत्या. नवी डिस्क भरून घ्यायची म्हणजे या आजारी डिस्कची जागा न् जागा वाचायला लावायची, आणि त्या ताणात ती कधीही मान टाकू शकते. म्हणून आधी रात्रीचा बॅकअप हातात घ्यायचा आणि मगच डिस्कला हात लावायचा, असं ठरवलं. बॅकअप रोज पहाटे अडीचला होतो, दुसऱ्या मशीनवर जातो, लॉगमध्ये 'बॅकअप पूर्ण' अशी ओळ येते आणि ती बघून मी रजिस्टरमध्ये टिक करते.

बॅकअपचं फोल्डर उघडलं. त्या पहाटेची फाइल होती, नावही बरोबर होतं. आकार 20 बाइट.

आदल्या दिवशीची 20 बाइट. त्याच्या आदल्या दिवशीचीही 20. खाली सरकत गेले, तीसच्या तीस दिवस तोच आकडा. त्याच्या मागच्या फाइल नव्हत्याच, कारण तीस दिवसांपेक्षा जुन्या फाइल पुसायची ओळ बॅकअपच्याच स्क्रिप्टमध्ये, म्हणजे रोज रात्री आपोआप चालणाऱ्या कमांडच्या यादीत, होती आणि ती मात्र इमानेइतबारे चालत होती. शेवटचा चांगला बॅकअप आमच्याच स्क्रिप्टनं केव्हाच पुसला होता.

20 हा आकडा पाहून पोटात गोळा आला, कारण तो कशाचा हे मला माहीत होतं. बॅकअपची फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिप या प्रोग्रॅमला आत काहीच दिलं नाही तरी ते एक फाइल बनवतं. 10 बाइटचं शीर्षक, आत काही नाही हे सांगणारे 2 बाइट आणि शेवटी पडताळणीचे 8. जीझिपनं रोज रात्री रिकामी पिशवी नीट शिवून ठेवली होती.

जुलैच्या महापुराच्या नोंदी त्या सर्व्हरवर होत्या. पंचगंगेच्या पाण्यानं रस्ते बंद झाले तेव्हा काही गावांचं संकलन एकाच पाळीत झालं, काहींचं झालंच नाही, आणि किती तरी आकडे फोनवर घेऊन हातानं भरले होते. ते आकडे ज्या कागदांवर उतरले, त्यातले काही कागदही पाण्यात गेले. हे सगळं आता त्या एका डिस्कवर होतं.

तेवढ्यात विभागातला नवा मुलगा धावत आला. वर्षभरापूर्वीच लागलाय, हुशार आहे, मला ताई म्हणतो. त्यानं फाइल बघितल्या, सर्व्हरवर लॉगिन केलं आणि बॅकअपची कमांड बाहेरच्या यूएसबी डिस्कवर फाइल जाईल अशी बदलून हातानं चालवली. आकडा हलायला लागला. 4 एमबी, 19 एमबी, 60 एमबी.

"ताई, हातानं चालतंय की! मग रात्री काय होतंय याला?"

"ते नंतर बघू. आता कशालाही हात लावू नकोस." मी बिलिंगचं सॉफ्टवेअर बंद करायला सांगितलं. केंद्रांना सकाळचं संकलन दुपारपर्यंत कागदावर ठेवायला कळवलं आणि आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसून राहिलो. मध्ये एकदा आकडा जवळजवळ मिनिटभर थांबला. सर्व्हरमधून डिस्कचा टक् टक् असा आवाज आला. कुणी काही बोललं नाही. मग आकडा पुन्हा पुढे सरकला. एक तास पन्नास मिनिटांनी साडेपाच जीबीची फाइल पूर्ण झाली. तरी मी उठले नाही. ती फाइल जुन्या एका मशीनवर उतरवून 20 ते 31 जुलैच्या नोंदी मोजल्या, सर्व्हरवरच्या आकड्याशी जुळवल्या, तेव्हा कुठे नवी डिस्क लावायला सांगितलं.

दुपारी डबा उघडल्यावर आम्ही त्याच्या प्रश्नाकडे वळलो. हातानं चालवलं की चालणारी कमांड रात्री का चालत नाही?

10 जुलैच्या शनिवारी आम्ही पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसच्या 9.2 आवृत्तीवरून 12 वर गेलो होतो. सर्व्हर सेंटओएस 7 या लिनक्स सिस्टिमचा. जुनं 9.2 त्याच्या स्वतःच्या पॅकेजमधलं, त्याचे प्रोग्रॅम '/यूएसआर/बिन' मध्ये. नवं 12 बाहेरून घेतलेलं, ते '/यूएसआर/पीजीएसक्यूएल-12/बिन' मध्ये. अडचण आली तर मागे जाता यावं म्हणून जुनं काढलं नव्हतं. म्हणजे डेटाबेसची नक्कल काढणाऱ्या 'पीजी_डंप' या एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम एका मशीनवर नांदत होते.

मुलगा म्हणाला, "पण आपण नाव तर एकच देतो ना? मशीनला कसं कळतं कुठला घ्यायचा?"

मला आमचं गाव आठवलं. एसटीतून उतरून कुणी विचारलं, "पाटलांच्यात जायचंय," तर स्टँडकडून येणाऱ्याला पहिलं घर वरच्या आळीतल्या पाटलांचं लागतं. ओढ्याकडून येणाऱ्याला खालच्या आळीतलं. पाहुणा पहिल्या पाटलांच्या दारात थांबतो, पुढे आणखी पाटील आहेत का हे बघत बसत नाही. तो कुठल्या वाटेनं आला, यावर सगळं ठरतं. त्या वाटेचंच नाव इथं पाथ.

पाथ म्हणजे कोलननं जोडलेली फोल्डरांची एक यादी. आपण नुसतं नाव टाइप केलं की शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, त्या यादीत डावीकडून सुरुवात करतो, एकेका फोल्डरमध्ये त्या नावाची चालवता येण्याजोगी फाइल शोधतो आणि पहिली सापडली की तिथंच थांबतो. लोकांना वाटतं हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात होतं. तसं नाही. कर्नलला पाथ माहीतच नसतो, त्याला अमुक फोल्डरमधली अमुक फाइल चालव असा पूर्ण पत्ता लागतो. पत्ता शोधायचं काम शेलचं. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल आला आणि ही यादी ज्याची त्याला ठरवता येऊ लागली. त्याआधीच्या सहाव्या आवृत्तीच्या शेलमध्ये शोधायच्या जागा ठरलेल्याच होत्या. मला स्वतःला हा बदल फार मोठा वाटतो. एकाच मशीनवर दोन माणसं एकच शब्द उच्चारतात आणि दोघांना वेगवेगळी गोष्ट मिळते, ही सोय तिथून आली. आमच्यावरचं संकटही त्याच सोयीतून आलं होतं.

आपण लॉगिन करतो तेव्हा प्रोफाइल फाइल वाचली जाते आणि आमच्या पोस्टग्रेसच्या खात्याच्या प्रोफाइलमध्ये 12 चं फोल्डर यादीच्या सुरुवातीला घातलेलं होतं. म्हणून हातानं चालवलं की 12. पहाटे अडीचला मात्र स्क्रिप्ट क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, चालवतो, आणि क्रॉन लॉगिन करत नाही, प्रोफाइल वाचत नाही. खात्री करायला मी क्रॉनमध्ये एक मिनिटासाठी एक ओळ घातली, त्याला मिळणारा परिसर, म्हणजे पाथसारख्या सगळ्या सेटिंग, एका फाइलमध्ये लिहून ठेव म्हणून. फाइलमध्ये पाथसमोर दोनच जागा होत्या, '/यूएसआर/बिन' आणि '/बिन'. बस्स. त्या वाटेवर फक्त जुने पाटील राहत होते.

जुन्या पीजी_डंपनं 12 च्या सर्व्हरला हात जोडले, आवृत्ती जुळत नाही म्हणून थांबतोय असं सांगितलं आणि बाहेर पडला. त्याचं बरोबरच होतं. पण स्क्रिप्टमध्ये डंपचं तोंड पाइपनं जीझिपला जोडलेलं होतं, म्हणजे डंपमधून निघेल ते थेट जीझिपमध्ये जायचं, आणि पाइपलाइन यशस्वी झाली की नाही हे शेल तिच्यातल्या शेवटच्या कमांडवरून ठरवतो. शेवटची कमांड जीझिप. त्याचं काम झालं होतं. म्हणून लॉगमध्ये 'बॅकअप पूर्ण', आणि रजिस्टरमध्ये माझी टिक.

मुलानं लगेच उपाय काढला. रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या खात्याच्या, टर्मिनलवर त्यानं आधी पीजी_डंपची आवृत्ती विचारली, 9.2.24 आली. मग '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये 12 च्या पीजी_डंपची लिंक बनवली, कारण रूटच्या पाथमध्ये ती जागा आधी येते. पुन्हा आवृत्ती विचारली. पुन्हा 9.2.24. कमांडचा पत्ता सांगणाऱ्या 'विच' ला विचारलं तर ते नव्या लिंकचा पत्ता दाखवत होतं. तो चक्रावला. "ताई, विच म्हणतंय नवा, आणि चालतोय जुना?"

बॅश, म्हणजे आमचा शेल, एकदा शोधलेला पत्ता लक्षात ठेवतो, दरवेळी सगळी यादी फिरत नाही. विच मात्र वेगळा प्रोग्रॅम आहे, तो नव्यानं शोधतो, बॅशच्या मनात काय आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही. 'टाइप' ही शेलची स्वतःची कमांड, तिला विचारल्यावर तिनं जुना पत्ता लक्षात ठेवल्याचं कबूल केलं. 'हॅश -आर' दिल्यावर बॅश ते विसरला आणि 12 आलं. मुलाचा चेहरा उजळला.

मी त्याला ती लिंक काढायला सांगितली. क्रॉनच्या दोन जागांत '/यूएसआर/लोकल/बिन' नव्हतीच. आमच्यासाठी सगळं ठीक दिसलं असतं आणि रात्री पुन्हा तेच झालं असतं.

मग स्क्रिप्ट बदलली. पीजी_डंपचा पूर्ण पत्ता लिहिला, म्हणजे शोधाशोधच नको. 'पाइपफेल' चालू केलं, म्हणजे पाइपलाइनमधला कुणीही पडला तरी सगळी पडली असं धरलं जाईल. फाइल 1 जीबीपेक्षा लहान असेल तर ओरड, आणि जुन्या फाइल पुसू नकोस, अशी अट घातली. मुलानं आपणहून आणखी एक सुचवलं, दर रविवारी एक बॅकअप खरंच उतरवून नोंदी मोजायच्या. ते काम आजही तोच करतो.

संध्याकाळी सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसच्या खात्यातून बाहेर पडताना, नवीन मेल आहे, अशी ओळ दिसली. ती ओळ मी महिनाभर बघत होते, सगळे बघतात. त्या दिवशी उघडली. क्रॉनच्या कामात काही चूक छापली गेली की तो ती त्या खात्याच्या मालकाला मशीनवरच टपालानं पाठवतो. 43 पत्रं होती. पहिलं 11 जुलैचं, पहाटे अडीचचं. सर्व्हरची आवृत्ती 12, पीजी_डंपची आवृत्ती 9.2.24, जुळत नाही म्हणून थांबतोय. त्रेचाळीस वेळा तेच. मी ती सगळी वाचली. मुलाच्या हातात तोवर राखी आली होती. त्याची बहीण गेटवर येऊन बांधून गेली होती.

रात्री घरी गेले नाही. अडीच वाजता फोल्डर उघडून बसले. फाइल तयार झाली, आकडा वाढत गेला, सव्वाचारच्या पुढे साडेपाच जीबीवर थांबला. मग मेल उघडून बघितलं. 44 वं पत्र आलं नव्हतं.