तुम्ही विचारलंत म्हणून : जमलेली वकिली सोडून जज का झालात?

लग्नकार्यात हमखास कुणी तरी ज्युनियर वकील गाठतो. "साहेब, बीडला वकिली जमत आली होती म्हणे. मग एमपीएससी देऊन जज कशाला झालात?" त्याच्या डोक्यात पैशाचा हिशेब असतो. तो खरा आहे, मिळकत घटली. आता बाकीचं सांगतो.

माझी वकिली शेतजमिनीची. वाटणी, बांध, वहिवाटीचा रस्ता. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, त्यामुळे जुने कागद उर्दूत, पुरावा खासरा पत्रकाचा, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीचा, आणि कुळकायदाही हैदराबादचा, १९५० चा. आजोबांनी लावलेला दावा नातू माझ्याकडे घेऊन यायचा. अशा दाव्यांत वकिलाचं निम्मं कसब तारीख घेण्यात. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. सांगते बिचारी! नक्कल मिळाली नाही, साक्षीदार आजारी, मोठे वकील औरंगाबादला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात. (हे शेवटचं कारण १९८१ नंतरचं, खंडपीठ तेव्हा आलं. त्याआधी मुंबईचं नाव सांगावं लागे.) ही सगळी कारणं मीही दिली. पक्षकार पानाला चुना लावत विचारायचा, "वकीलसाहेब, औंदा तरी लागंल का निकाल?" निकाल माझ्या हातात नव्हता. दावा संपलेला बघायची हौस होती, म्हणून पलीकडे गेलो.

डायसवर बसलो आणि तेच अर्ज समोर यायला लागले. एकदा साक्षीदार तापाने फणफणलाय म्हणून तहकुबी मागितली. मी पट्टेवाल्याला म्हटलं, तरी एकदा पुकारा कर. व्हरांड्यातून खणखणीत आवाज आला, "हजर!" वकीलसाहेबांनाही हसू आवरेना. सरतपास, म्हणजे त्याच्याच वकिलाने घ्यायची साक्ष, त्याच दिवशी झाला.

गमावलं काय म्हणाल, तर बार रूमचा चहा. जुने मित्र दुरूनच नमस्कार करू लागले, आणि बायकोला प्रत्येक बदलीच्या गावी नवी शाळा शोधावी लागली. लोक आमच्या बीडच्या नरेंद्र चपळगावकरांचं उदाहरण देतात : वकील, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, २०२३ ला वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. ती उंची वेगळी. तालुक्याच्या कोर्टातल्या जजला संध्याकाळी निकालपत्रं लिहायची असतात.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. पोरं कुरकुरतात. मला ती पटली. ज्याने स्वतः कधी तारीख मागितली नाही, त्याला प्रत्येक साक्षीदार खरंच तापलेला वाटतो.